ती ओरडली का नाही?

मी आचोळ्यातून बोलतेय. नालासोपारा पूर्वेला आमचं जुनं गावठाण आणि तलाव आहे, आणि आता त्याच्या चहूबाजूंनी चाळी आणि बिल्डिंगा आहेत. मी इथल्या बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी कर्जाचा हप्ता, गटाचं ऑडिट, नाहीतर मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल असल्या गोष्टींवर बोलते. आज मात्र एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. प्रश्न चारच शब्दांचा आहे : ती ओरडली का नाही?

विषय अत्याचाराचा आहे. कुणाला ऐकवत नसेल, तर बिनधास्त रेडिओ बंद करा. त्यात काही चुकीचं नाही.

या प्रश्नाच्या मागे मी लागले, कारण तो मी स्वतः विचारला होता. तीन वर्षं झाली. बैठक संपली, बाया पांगल्या, एक जण चटईची घडी घालायला मागे थांबली. गटात नवीन होती, भाड्याच्या खोलीत राहायची, एका गाळ्यात पॅकिंगला जायची. घडी घालता घालता ती तिथल्या एका माणसाबद्दल सांगायला लागली. दोन-तीन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात मी मध्येच म्हणाले, "अगं, मग ओरडली का नाहीस? बाजूला माणसं होती ना?"

ती थांबली. म्हणाली, "काय माहीत ताई, आवाजच निघाला नाही." चटई कोपऱ्यात ठेवली आणि गेली. पुढच्या बैठकीला आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता. संकट आलं की शरीर एक तर झुंज देतं, नाहीतर पळ काढतं, असं आम्ही पाठ केलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. तिने यातलं काहीच केलं नव्हतं. म्हणून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो तिच्यावर संशय घेणारा. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या एका मुलीला देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयापर्यंत विचारला गेला होता.

तिथूनच सुरुवात करते. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 मार्च 1972 ची रात्र. चौदा-सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, दुसऱ्यांच्या घरी काम करून पोट भरणारी. तिला एका मुलाशी लग्न करायचं होतं, ते भावाला पसंत नव्हतं. भावाने तक्रार दिली आणि सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाले. रात्रीचे साडेदहा वाजून गेले. बाकीच्यांना जायला सांगितलं, मुलीला थांबवून घेतलं. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि नंतर हवालदाराने तिच्याशी अतिप्रसंग केला, अशी तिची तक्रार होती. आत हे घडत होतं तेव्हा तिची माणसं बाहेर उभी होती.

त्या मुलीचं नाव तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. मोर्च्यांत, पुस्तकांत, सगळीकडे ते घेतलं गेलं. मी घेणार नाही. अशा बाईचं नाव छापायला कायद्याने बंदी आली, तीही या प्रकरणानंतर झालेल्या बदलांमुळेच. मग निदान आपण तरी ती पाळू.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. अंगावर जखम नाही, असं लिहिलं. तपासणीत दोन बोटं सहज जातात, असंही लिहिलं. या दोन ओळी पुढे तिच्या सगळ्या बोलण्यापेक्षा भारी ठरल्या.

1974 साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, ती खोटं बोलते, असा त्यांचा सूर होता. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे राजी असणं नव्हे, हे तिथल्या न्यायाधीशांनी ओळखलं. शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा झाली. पण 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर झटापटीची खूण नाही, म्हणजे विरोध केला नसणार. विरोध केला नाही, म्हणजे तिची तयारी असणार. असा तो हिशोब होता. मी आरडाओरडा केला असं ती मुलगी सांगत होती, तर ते बनावट ठरलं.

बघा मैत्रिणींनो, ओरडले म्हणाली तर खोटारडी आणि ओरडली नाही तर राजी. मग तिने काय करायला हवं होतं? दोन वर्दीतली माणसं, रात्रीची वेळ, पोलीस ठाणं. आपण संकटात जिथे धाव घेतो, त्याच जागेत ती अडकली होती. हाक मारायची तर कुणाला?

वर्षभर या निकालाची फारशी वाच्यता झाली नाही. मग कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी तो वाचला. पुणे विद्यापीठाच्या वसुधा धागमवार आणि दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर. 16 सप्टेंबर 1979 ला त्यांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हा त्याचा गाभा. संमती असेल तिथे बाई स्वतःला देते, पण बाई हतबल झाली म्हणून तिने संमती दिली असं होत नाही. आज हे आपल्याला साधं वाटतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला हे लेखी सांगायला मोठी छाती लागली असणार.

ते पत्र हातोहात फिरलं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी बलात्काराविरोधी मंच उभा केला आणि 8 मार्चला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा शहरांत मोर्चे निघाले. आपण महिला दिनाला हळदीकुंकू आणि संगीतखुर्ची करतो. करावी, मलाही आवडते. पण त्या वर्षी त्याच दिवशी बाया रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या चंद्रपूरकडच्या एका मोलकरीण मुलीसाठी. फेरविचाराचा अर्ज मात्र फेटाळला गेला. कायदा पुढे बदलला, त्याचा तिला स्वतःला काही उपयोग झाला नाही.

प्राध्यापकांनी कायद्याच्या बाजूने सांगितलं की गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. पण माणूस अशा वेळी गप्प का होतं, हे कोण सांगणार? त्यासाठी मला मानसशास्त्राकडे वळावं लागलं, आणि तारखा पाहून मी चाट पडले.

ज्या 1972 साली देसाईगंजला हे घडलं, त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टन शहरात दोन बायका एक काम सुरू करत होत्या. अ‍ॅन बर्जेस परिचर्या, म्हणजे नर्सिंग शिकवायच्या आणि लिंडा होमस्ट्रॉम समाजशास्त्र. शहराच्या सरकारी दवाखान्यात बलात्काराची केस आली की रात्री-बेरात्री त्यांना फोन यायचा आणि त्या जायच्या. वर्षभर त्यांनी हे केलं. आधी बाईजवळ बसायचं, मग नोंद करायची. 1974 मध्ये त्यांनी 92 बायकांबद्दल जे लिहिलं, त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दवाखान्यात आलेल्यांपैकी साधारण निम्म्या रडत होत्या, थरथरत होत्या, काही तर तणावाने हसतही होत्या. उरलेल्या अगदी शांत होत्या. चेहऱ्यावर काही नाही, विचारलं तेवढं उत्तर. घडलं दोघींच्याही बाबतीत होतं. आपण काय म्हणतो? "खरंच झालं असतं तर इतकी शांत बसली असती का?" बसते. अर्ध्याजणी बसतात.

दुसरी गोष्ट 1979 ची, म्हणजे आपल्या त्या खुल्या पत्राच्याच वर्षीची. गॉर्डन गॅलप हे न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. यांचा अभ्यास कशावर होता सांगू? कोंबड्यांवर. हसू नका. जव्हार-मोखाड्याच्या मैत्रिणींना मी वेगळं काय सांगणार? कोंबडी पकडून जमिनीला दाबून धरली की आधी फडफड करते आणि मग एकदम निपचित पडते. हात काढला तरी काही वेळ तशीच. डोळे उघडे, जीव आहे, पण हलत नाही. ती राजी झाली म्हणून पडली का? झडप बसलीय आणि सुटका नाही हे कळलं की शरीर आपोआप थिजतं. सुझन सुआरेझ आणि गॅलप यांनी त्या वर्षी लिहिलं की बलात्काराच्या वेळी अनेक बायका सांगतात ती अवस्था याच्याशी जुळते. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, अंग गार पडतं, आपण दुरून बघतोय असं वाटतं. हे बाई ठरवून करत नाही. करायचं नाही असं ठरवूनही तिला ते थांबवता येत नाही.

माझ्या पाठांतरात झुंज होती, पळ होता. हे तिसरं नव्हतं.

आणि गंमत अशी की आपल्या मराठीला हे कधीचं माहीत आहे. बोबडी वळली. दातखीळ बसली. हातपाय गळाले. तोंडातून शब्द फुटला नाही. वाघ दिसला, साप दिसला, भूत दिसलं की आपल्या आज्या हेच म्हणायच्या. मग "ओरडली का नाहीस" असं त्या माणसाला कुणी विचारायचं नाही, गूळपाणी द्यायचे. वाघ पाहून दातखीळ बसते हे पटतं, आणि माणसाने धरल्यावर बसली तर पटत नाही, असं का होतं?

गॅलप यांचं म्हणणं तेव्हा अंदाजासारखंच होतं. बायकांना प्रत्यक्ष विचारून मोजमाप पुढे होत गेलं. त्यातलं स्वीडनमधलं काम सांगते. तिथे स्टॉकहोम शहरात बलात्कारपीडितांसाठी तातडीचा वेगळा दवाखाना आहे. अ‍ॅना मॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आलेल्या 298 बायकांना हल्ल्याच्या वेळी शरीराचं काय झालं ते विचारलं आणि 2017 मध्ये ते छापलं. शंभरात 70 जणी बऱ्याच प्रमाणात थिजल्या होत्या. 48 जणी तर पुरत्या थिजल्या होत्या. म्हणजे आपण ज्याला नवल समजून संशय घेतो, तेच जास्त बायकांच्या बाबतीत घडतं. सहा महिन्यांनी पुन्हा भेट घेतली, तेव्हा थिजलेल्या बायकांमध्ये दचकणं, तेच तेच दिसणं, खोल उदासी याचं प्रमाण जास्त होतं. त्याचं एक कारण मला समजतं. झटापट करणारी निदान स्वतःला सांगू शकते की मी लढले. थिजलेली बाई मनातल्या मनात स्वतःलाच तो चार शब्दांचा प्रश्न विचारत बसते.

इथे एक शंका येईल, आमच्या गटातल्या मावशींनी मला विचारलीच. "अगं, बाया असं परक्या डॉक्टरला सांगतात तरी का?" सांगतात, पण कसं विचारलं त्यावर आहे. मेरी कॉस या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या 32 कॉलेजांतल्या 6,159 विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. "तुमच्यावर बलात्कार झाला का?" असं त्यांनी थेट विचारलं नाही. तुमची इच्छा नसताना कुणी धाक दाखवून, जबरदस्ती करून अमुक केलं का, असं साध्या शब्दांत, एकेक कृती सांगून विचारलं. तेव्हा हो म्हणणाऱ्या मुलींची संख्या पाहून सगळे हादरले. कायद्याने ज्याला बलात्कार म्हणावं तेच ज्यांच्या बाबतीत घडलं होतं, त्यांच्यातल्या चौघींत जेमतेम एक जण त्याला ते नाव देत होती. शंभरात 42 जणींनी तर तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ओळखीच्या माणसाने केलं, अंगावर जखम नाही, मी ओरडले नाही, मग याला काय म्हणायचं, अशा विचाराने त्या गप्प होत्या. म्हणजे न्यायालयाचा तो हिशोब त्यांनीही स्वतःला लावला होता.

आपल्याकडे मला दिसलं ते असं की हा विषय मानसशास्त्राच्या वर्गांपेक्षा कायदा, समाजकार्य आणि वैद्यकीय शिक्षण इथल्या लोकांनी जास्त धरून ठेवला. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्य शिकलेली बाई बसते आणि आधी ऐकून घेते. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये बलात्कारपीडितांची तपासणी कशी चुकीच्या रीतीने होते यावर मोठा अहवाल लिहिला. तो नागपूर खंडपीठापुढे गेला. ती दोन बोटांची चाचणी आठवते ना? 1972 मध्ये देसाईगंजच्या कागदावर लिहिली गेलेली? तिला काही शास्त्रीय आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तिच्यावर ताशेरे ओढले, 2022 मध्ये पुन्हा बजावलं. पन्नास वर्षं लागली, मैत्रिणींनो. एवढ्या काळात किती जणींच्या कागदावर ती ओळ लिहिली गेली असेल.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 1983 मध्ये बदल झाला. पोलीस ठाणं, तुरुंग, दवाखाना अशा ठिकाणी ज्यांच्या ताब्यात बाई असते, त्यांच्यावर असा आरोप सिद्ध करताना संबंध आल्याचं दिसलं आणि बाईने न्यायालयात माझी संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं. दिल्लीतल्या 2012 च्या घटनेनंतर 2013 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं मानायचं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 63 मध्येही ते आहे. चार प्राध्यापकांच्या पत्रातलं म्हणणं असं शेवटी कायद्यात आलं. एक राहिलंय ते राहिलंच आहे. नवऱ्याने बळजबरी केली आणि बायको अठराच्या वरची असेल, तर या कलमात ते बसत नाही. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली दाद मागता येते. मला हे अपुरं वाटतं. आमच्या गटात यावर सगळ्या एकमताच्या नाहीत, आणि भांडण झालं तेव्हा चहा गार झाला होता.

माझ्यासाठी सगळ्यात जड गेलं ते शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या सारा उलमन यांचं काम. बाई पहिल्यांदा कुणाला तरी सांगते, तेव्हा समोरचा काय बोलतो, यावर त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. विश्वास ठेवला नाही, दोष दिला, तर त्या बाईचा मानसिक त्रास जास्त असतो, असं त्यांना वारंवार दिसलं. ती पहिल्यांदा सांगते ते पोलिसांना नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मैत्रिणीला, बहिणीला, शेजारणीला. चटईची घडी घालताना गटाच्या ताईला.

तेव्हा कुणी तुमच्याशी बोलायला लागली तर घाई करू नका. पाणी द्या. दार लोटून घ्या, पण कडी लावू नका. काय झालं ते तिला जसं जमेल तसं सांगू द्या, मागचं-पुढचं झालं तरी चालेल. का गेलीस, का ओरडली नाहीस, आधी का नाही सांगितलंस, यातला एकही 'का' तोंडातून काढू नका. दवाखान्यात जायचं असेल तर लवकर गेलेलं बरं, आणि पहिले उपचार फुकट देणं सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांवर बंधनकारक आहे. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना तळासरीला घडली आणि बाई आता वसईत असेल तरी इथे लिहून घ्यावी लागते. फोन 112, आणि बायकांसाठी 181. तक्रार करायची की नाही हे तिचं ती ठरवेल. मूल किंवा अल्पवयीन मुलगी असेल, तर मात्र पोक्सो कायद्याने कळवावंच लागतं. ते तिला लपवून करू नका, सोबत बसून समजावून सांगा.

आता आमच्या त्या बाईचं. मी तिच्या खोलीवर गेले होते, पण महिनाभर उशिरा गेले. आमच्याकडे भाड्याचे करार अकरा महिन्यांचे असतात, माणसं सारखी बदलतात. दारावर दुसरंच कुटुंब होतं. शेजारीण म्हणाली, विरारकडे गेली असेल, नाहीतर भाईंदरला. दिलेला नंबर लागत नाही. गटाच्या वहीत तिचं पान अजून आहे. महिना शंभरप्रमाणे आठ महिन्यांचे आठशे रुपये तिच्या नावावर जमा आहेत. मार्चमध्ये हिशोब मिटवताना हे खातं बंद करू या का, असं खजिनदारताईंनी विचारलं. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, आणि पान उलटलं.